पदवीच्या ओळीखाली काय वाचावे: कर्तबगार स्त्रियांचे परिचय आणि नागपूरच्या एका मुलीचा प्रश्न

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नागपुरात एम.कॉम. केले, सीए इंटरचा एक ग्रुप निघाला, दुसऱ्यात दोनदा अडकलात, मग लग्न झाले आणि गेली सहा वर्षे तुम्ही बुटीबोरीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात काम करता. वय २९, मुलगी दोन वर्षांची. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत संचालिकांचे, इतरत्र बँकप्रमुखांचे आणि नामवंत प्राध्यापिकांचे परिचय तुम्ही वाचता, तेव्हा प्रत्येकीच्या नावाखाली आयआयएम, परदेशी विद्यापीठ किंवा मोठे घराणे दिसते. आपल्यासारखीने या वाटेकडे पाहावे का, आणि पाहायचे तर एमबीए करावे, सीए पूर्ण करावे की नेट-सेट देऊन प्राध्यापक व्हावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी नागपुरात एकतीस वर्षे सनदी लेखापाल म्हणून व्यवसाय करते आहे. दोन कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्वतंत्र संचालक होते, त्यांपैकी एकीच्या लेखापरीक्षण समितीची अध्यक्षही होते, आणि निवड समितीच्या टेबलावर आलेले असे परिचय मी खूप वाचले आहेत. माझे उत्तर सीए पूर्ण करा असे आहे. मात्र ते का, हे समजण्यासाठी हे परिचय वाचण्याची तुमची पद्धत आधी बदलावी लागेल. पदवीची ओळ पहिली छापतात म्हणून ती पहिली वाचली जाते. निवड करणारी माणसे मात्र त्याखालच्या ओळींत एकच गोष्ट शोधत असतात: या बाईने कोणत्या रकमेसाठी, कोणत्या माणसांसाठी आणि कोणत्या निर्णयासाठी स्वतः जबाब दिला आहे, आणि किती वर्षे दिला आहे.

हे परिचय छापले का जातात, तेही पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४९ नुसार प्रत्येक सूचिबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत, तसेच १०० कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल अथवा ३०० कोटी रुपये किंवा अधिक उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपनीत, किमान एक स्त्री संचालक असणे बंधनकारक झाले. पहिल्या काही वर्षांत अनेक प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीचा ताबा असणाऱ्या मालकांनी, पत्नी, बहीण, मुलगी किंवा सून यांची नावे घालून ही अट उरकली. आपल्या विदर्भातही ते घडले आणि त्या काळात अशा नेमणुकांची कागदपत्रे माझ्याच कार्यालयातून गेली आहेत. पुढे शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने स्त्री संचालक ही स्वतंत्र संचालक असली पाहिजे, म्हणजे प्रवर्तकांशी तिचा कौटुंबिक वा आर्थिक संबंध नसला पाहिजे, अशी अट आधी सर्वांत मोठ्या ५०० सूचिबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि मग १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून लावली. त्याच सुमारास मंडळाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे आणि ती कोणत्या संचालकाकडे आहेत, हे वार्षिक अहवालात जाहीर करणेही आवश्यक झाले. तेव्हापासून परिचयाच्या मजकुराला खरी किंमत आली, कारण मंडळाला घराबाहेरची आणि नेमके काही जाणणारी स्त्री शोधणे भाग पडले. स्वतंत्र संचालकाला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळतात, त्यामुळे २०१४ साली नेमलेल्या आणि दोन्ही मुदती पूर्ण केलेल्यांच्या जागा २०२४ मध्ये रिकाम्या झाल्या. या खुर्च्या काही घराण्यांत कायमच्या वाटल्या गेलेल्या नाहीत.

आता काही परिचय बरोबरीने वाचू. अरुंधती भट्टाचार्य यांची पदवी इंग्रजी साहित्यातली. १९७७ मध्ये त्या परिविक्षाधीन अधिकारी (पीओ) म्हणून स्टेट बँकेत लागल्या आणि २०१३ मध्ये त्या बँकेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. या दोन वर्षांत ३६ वर्षांचे अंतर आहे, आणि त्यांचा परिचय वाचायचा तो या अंतरातच वाचायचा. ज्या परीक्षेने त्या आत गेल्या, ती परीक्षा सीताबर्डीत शिकवणी लावणारी मुलगीही देते. त्यात शेक्सपिअर विचारत नाहीत आणि वडिलांचे नावही विचारत नाहीत. पुढची वाट शाखा, कर्जविभाग, परदेशी कार्यालय, मनुष्यबळ अशी प्रत्येक टेबलावरून जाते आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी स्त्री कर्मचाऱ्यांना मुलांच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन परत कामावर येण्याची सोय केली. ही सोय कोणत्या वळणावर लागते, हे ज्या व्यक्तीने बँकेत ३६ वर्षे काढली तिलाच कळू शकते.

बँकेचा विषय निघाला म्हणून एक अप्रिय गोष्ट लिहिते. माझ्या पिढीतील कितीतरी हुशार मैत्रिणी बँकेत लागल्या आणि पहिल्या एक-दोन बढत्यांनंतर थांबल्या. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे गडचिरोली किंवा गुवाहाटी. त्यामुळे घरचा विचार करून त्यांनी बढतीलाच नकार लिहून दिला. त्या कामात कुठेही कमी पडल्या नव्हत्या. त्यांच्या परिचयात आज 'तीस वर्षांची सेवा' ही एकच ओळ आहे आणि ती वाचताना मला वाईट वाटते, कारण त्यांच्यापैकी दोघी-तिघींना कर्जाचा प्रस्ताव वाचून तो बुडेल की तरेल हे विभागप्रमुखांच्या आधी कळत असे. याउलट, तर्जनी वकील १९९३ मध्ये आयात-निर्यातीला कर्ज देणाऱ्या एक्झिम बँकेच्या अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाल्या. रिझर्व्ह बँकेत २००३ मध्ये के. जे. उदेशी पहिल्या स्त्री डेप्युटी गव्हर्नर झाल्या, त्यांच्यामागे श्यामला गोपीनाथ आणि उषा थोरात आल्या. या सगळ्यांच्या परिचयात एक साम्य आहे: त्या एकाच संस्थेच्या पोटात अनेक वर्षे राहिल्या आणि वरची पायरी समोर आली तेव्हा ती त्यांनी नाकारली नाही. हे केवळ त्यांच्या धैर्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. घरात कोणीतरी 'तू जा, मी बघतो' म्हणणारे असावे लागते. तुमच्या घरी ते बोलणे झाले आहे का, हा प्रश्न एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या आधीचा आहे.

लीना नायर यांचा परिचय मराठी मुलींनी मुद्दाम वाचावा. शाळा कोल्हापूरची, अभियांत्रिकीची पदवी सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातली, नंतर जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमध्ये मनुष्यबळ व्यवस्थापन, १९९२ मध्ये हिंदुस्तान लिव्हर (आजची हिंदुस्तान युनिलिव्हर), २०१६ मध्ये संपूर्ण युनिलिव्हरच्या मनुष्यबळ प्रमुख आणि जानेवारी २०२२ पासून शनेल या फ्रेंच कंपनीच्या जागतिक मुख्य कार्यकारी अधिकारी. यातले जमशेदपूर तुम्हाला ठळक दिसेल, कारण तिथे प्रवेश मिळणे कठीण असते. मला ठळक दिसतात ती कारखान्यांत कामगारांबरोबर काढलेली सुरुवातीची वर्षे. वेतनकरार करताना समोर बसलेल्या युनियनच्या माणसाला नेमके काय हवे आहे आणि तो कुठे थांबेल हे कळणे कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही, आणि पुढे ज्यांच्या हाती लाखाहून अधिक माणसांची कंपनी आली त्यांनी ते तिथे शिकलेले असते.

फाल्गुनी नायर यांच्याबद्दल लोक सांगतात की वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१२ मध्ये, त्यांनी सौंदर्यप्रसाधने विकणारी नायका ही कंपनी सुरू केली. हे खरे आहे, पण या सांगण्यातून असा समज होतो की त्यांनी सारे शून्यापासून उभे केले. त्याआधी एकोणीस वर्षे त्या कोटक समूहात होत्या आणि गुंतवणूक बँकिंगमध्ये इतर उद्योजकांना भांडवल उभारून देत होत्या. गुंतवणूकदार कोणत्या पानावर थांबतो, कोणता आकडा दोनदा विचारतो, प्रवर्तकाच्या कोणत्या उत्तराने त्याचा विश्वास उडतो, हे त्यांनी दुसऱ्यांच्या कंपन्यांवर पाहून ठेवले होते. २०२१ मध्ये स्वतःची कंपनी बाजारात आणताना तेच ज्ञान त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आणि अनु आगा. यांच्यावर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण 'घराण्यामुळे मिळाले' असे ज्यांच्याबद्दल सर्रास बोलले जाते, त्यांत त्यांचे नाव येते. बॉयलर बनवणाऱ्या पुण्याच्या थरमॅक्स कंपनीचे प्रमुख, त्यांचे पती रोहिंटन आगा, १९९६ मध्ये अचानक वारले आणि त्या अध्यक्ष झाल्या. एवढ्यापुरते ते घराणेच. त्यांचे शिक्षण अर्थशास्त्राचे आणि नंतर टाटा समाजविज्ञान संस्थेत वैद्यकीय व मनोविकार समाजकार्याचे. थरमॅक्समध्ये त्या मनुष्यबळ विभाग पाहत होत्या. बॉयलर आणि ताळेबंद हा त्यांचा प्रांत नव्हता. एका वर्षातच मुलगाही गेला. कंपनीचा शेअर घसरत गेला, आणि एका भागधारकाने निनावी पत्र लिहून तुम्ही आम्हाला निराश केले असे कळवले. त्या पत्राने त्या हलल्या. बाहेरची सल्लागार कंपनी आणली, संचालक मंडळ नव्याने बांधले, त्यात बाहेरची स्वतंत्र माणसे घेतली, आणि कुटुंबातील सर्वांनी, स्वतःसकट, दैनंदिन कारभारातून बाहेर पडायचे ठरवले. कंपनी सावरल्यावर २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलीकडे, मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले. लेखापरीक्षक म्हणून मी अनेक कौटुंबिक कंपन्या आतून पाहिल्या आहेत, आणि स्वतःच्या कुटुंबाचे अधिकार कमी करण्याच्या ठरावावर सही करणारे प्रवर्तक मला फार थोडे भेटले. खुर्ची त्यांना वारशाने मिळाली. हा ठराव त्यांना कोणी वारशाने दिलेला नव्हता.

पदवीच नसलेला परिचय हवा असेल तर तो आपल्या विदर्भातलाच आहे. कल्पना सरोज अकोला जिल्ह्यातल्या. बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, घरी परत येणे, मग मुंबईत शिवणकाम आणि सरकारी योजनेतून कर्ज घेऊन उभारलेला छोटा व्यवसाय, आणि त्यानंतर बंद पडायला आलेल्या कमानी ट्यूब्ज या कंपनीच्या कामगारांनी मदतीसाठी त्यांच्याकडे येणे. त्यांनी कर्ज देणाऱ्यांशी बसून व्याज आणि दंडाचा बोजा कमी करून घेतला, २००६ मध्ये कंपनीची सूत्रे घेतली आणि २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बँकेशी तडजोडीला बसणे म्हणजे काय, हे मी पक्षकारांबरोबर अनेकदा पाहिले आहे. समोरचा अधिकारी कागद पुढे सरकवतो, 'यापेक्षा खाली आम्हाला जाता येत नाही' असे सांगतो, आणि त्या वेळी टेबलाच्या या बाजूला ज्याला मुद्दल, व्याज आणि दंडव्याज यांची वेगवेगळी बेरीज तोंडपाठ असते तोच टिकतो.

साताऱ्याच्या म्हसवडमध्ये चेतना गाला सिन्हा यांनी उभी केलेली माणदेशी महिला सहकारी बँक हेही तसेच उदाहरण आहे. पहिल्यांदा परवाना नाकारला गेला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी काही जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्यावर त्यांनी म्हटले की आम्हाला मुद्दल सांगा, व्याज तोंडी सांगतो. तुमच्या माणसांना यंत्राशिवाय ते जमते का पाहा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. क्षमता होतीच, पण ती मोजणाऱ्याला दिसेल अशा रूपात समोर ठेवावी लागली. तुमच्या परिचयाचे कामही नेमके हेच आहे.

इथे माझा स्वतःचा एक प्रसंग सांगते. मी आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करत असताना, १९९० नंतरच्या त्या वर्षांत, मार्चअखेर हिंगणघाटजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात साठा मोजायला गेले. बरोबर माझ्यापेक्षा वर्षाने मागे असलेला एक मुलगा होता. तिथले व्यवस्थापक सगळे बोलणे त्याच्याशी करत, आणि मला म्हणाले, 'मॅडम, उन्हात कुठं हिंडता, ऑफिसात बसून टोटला तपासा.' मी रजिस्टर घेऊन बसले. १०० क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३४ क्विंटल रुई निघते, उरलेली सरकी आणि थोडी घट. गाठ १७० किलोची, म्हणजे १०० क्विंटल कापसाला जवळजवळ वीस गाठी. सरकीची विक्री या हिशेबाशी जुळत होती, गाठी मात्र साठ-सत्तरने कमी पडत होत्या. कापूस आला, सरकी निघाली, मग रुई गेली कुठे? मी उठून आवारात गेले. मागच्या गोदामात ताडपत्रीखाली गाठींची थप्पी उभी होती, तिचा पुस्तकात कुठेही पत्ता नव्हता. मी एक-एक गाठ हात लावून मोजली, हाताला सुतळी लागून सोलले होते ते आजही आठवते.

त्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी एक गोष्ट केली. टिपणात त्यांनी 'आमच्या निदर्शनास आले' असे लिहिले नाही. हिशेब कोणी केला आणि मोजणी कोणी केली, तिथे माझे नाव घातले आणि खाली माझी सही घेतली. पुढे त्या टिपणावर प्रश्न आले ते माझ्याकडे आले, उत्तरे मला द्यावी लागली आणि मी रात्रभर जागून ती तयार केली. माझ्या व्यावसायिक पार्श्वभूमीची सुरुवात मी त्या सहीपासून धरते. सीएचा निकाल त्यानंतर दोन वर्षांनी लागला. आर. शिवभोगम १९३३ मध्ये देशातील पहिल्या स्त्री लेखापाल झाल्या, तेव्हापासून या व्यवसायाचे एक मोठेपण असे आहे की ताळेबंदाखालची सही बाईची आहे की पुरुषाची, याने तिच्या कायदेशीर वजनात फरक पडत नाही.

अध्यापन आणि संशोधनाकडे वळते. येथील परिचयात पदवीला खरोखरच महत्त्व आहे, कारण तिथे पदवी हीच कामाची पहिली पावती असते. कमला सोहोनी यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बाई म्हणून आधी नकार आणि मग अटी घालून प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. परत आल्यावर त्यांनी संशोधन केले ते नीरेसारख्या इथल्या गरिबांच्या आहारातील पदार्थांवर. गीता गोपीनाथ दिल्लीहून सिएटल, तिथून प्रिन्स्टनला गेल्या, हार्वर्डला शिकवले आणि २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मुख्य अर्थतज्ज्ञ झाल्या. त्यांच्या परिचयाचा कणा आहे विनिमय दर आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या किमती या एका विषयावर अनेक वर्षे केलेले काम. दोघींनीही विषय धरून ठेवला. आपल्याकडे पीएच.डी. बहुधा बढतीसाठी केली जाते आणि प्रबंध जमा झाल्यावर विषय सुटतो. तुम्ही वाणिज्य शाखेत संशोधन करणार असाल तर विदर्भातील शेतकरी उत्पादक कंपन्या, संत्र्याच्या व्यापारातील उधारी, सहकारी पतसंस्थांची थकबाकी असा विषय घ्या, ज्याचे कागद तुम्हाला इथे मिळतील आणि जो दहा वर्षे पुरेल.

नियमही माहीत असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., दहा वर्षांचा अध्यापनाचा अनुभव आणि मान्यताप्राप्त नियतकालिकांतील किमान दहा शोधनिबंध अशी अट घातली आणि कुलगुरूसाठी दहा वर्षे प्राध्यापक असण्याची. २०२२ च्या पीएच.डी. नियमांत स्त्री संशोधकांना दोन वर्षांची जादा मुदत आणि संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा आहे. अनेक मुलींना हे ठाऊकच नसते आणि त्या नोंदणी सोडून देतात. मात्र 'मुलगी लहान आहे, म्हणून प्राध्यापकी सोयीची' हा विचार मनात असेल तर तो काढून टाका. आपल्या भागात कित्येक नेट-सेट झालेल्या मुली वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टीत मानधन नसते आणि पुढच्या सत्राची खात्री नसते. शिकवण्याची आणि लिहिण्याची ओढ असेल तर जरूर या, सोय म्हणून येऊ नका.

मुलीचा विषय तुम्ही संकोचाने लिहिला आहे, म्हणून क्लॉडिया गोल्डिन यांच्या कामाचा उल्लेख करते. हार्वर्डच्या या अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०२३ चे नोबेल मिळाले. अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून त्यांनी दाखवले की शिक्षणातील अंतर मिटल्यावरही स्त्री-पुरुषांच्या मिळकतीत जे अंतर उरते, ते मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर उघडते, कारण काही व्यवसाय वेळी-अवेळी हजर राहणाऱ्यालाच भरपूर मोबदला देतात. औषधविक्रेत्यांच्या व्यवसायात मात्र एकाचे काम दुसरा सहज पुढे नेऊ शकतो, तिथे हे अंतर फार कमी झाले. मी हे वाचल्यावर धरमपेठेतील माझ्या कार्यालयात प्रत्येक पक्षकाराची फाइल दोघींच्या हाती ठेवायला लागले, आणि प्रत्येक भेटीनंतर टिपण लिहायचे बंधन घातले. गेल्या वर्षी एका सहकारी मुलीला बाळंतपणासाठी सहा महिने जावे लागले, तिची एकही फाइल अडली नाही आणि परत आल्यावर तिला तिचे सगळे पक्षकार मिळाले. नोकरी निवडताना पगाराइतकेच हे विचारा की तुम्ही आठवडाभर नसाल तर तुमचे काम कोण करील. 'कोणीच नाही' हे उत्तर मान वाढवणारे वाटते, पण तुमच्या परिस्थितीत ते धोक्याचे आहे.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. सीएची नवी योजना जुलै २०२३ पासून लागू झाली आहे, आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची आहे, आणि इंटरची परीक्षाही २०२४ पासून वर्षातून तीनदा होऊ लागली, त्यामुळे एका अपयशाने सहा महिने जात नाहीत. निघालेल्या ग्रुपची आणि नोंदणीची आजची स्थिती काय आहे ते सनदी लेखापाल संस्थेच्या (आयसीएआय) धंतोलीतील शाखेत जाऊन आधी तपासा. फोनवर विचारून थांबू नका, कागद घेऊन जा. आर्टिकलशिपचे विद्यावेतन तुमच्या आजच्या पगारापेक्षा बरेच कमी असेल आणि ती दोन वर्षे घरखर्च कसा चालेल याचा हिशेब नवऱ्याबरोबर बसून लिहून काढा. हा खर्च मी लहान मानत नाही. तरीही सुचवते, कारण सहा वर्षे कारखान्याची पुस्तके आतून पाहिलेली मुलगी लेखापरीक्षणाच्या बाजूला आली की तिला जे दिसते ते महाविद्यालयातून थेट आलेल्याला दिसत नाही, आणि सही करण्याचा अधिकार या देशात फार थोड्या पदव्या देतात.

एमबीए पूर्णवेळ आणि चांगल्या संस्थेत मिळत असेल, जसे २०१५ मध्ये सुरू झालेले आणि आता मिहानमध्ये स्थिरावलेले आपले आयआयएम, तर तो निश्चित विचार करण्याजोगा पर्याय आहे. केवळ नावापुढे अक्षरे यावीत म्हणून केलेल्या एमबीएने परिचयात एक ओळ वाढते आणि कामात काही वाढत नाही.

संचालक मंडळ तुमच्यापासून दूर आहे, पण त्याची तयारी दूर नाही. स्वतंत्र संचालकांची अधिकृत नोंदवही भारतीय कॉर्पोरेट व्यवहार संस्था चालवते, तिथे नाव नोंदवून ऑनलाइन परीक्षा देता येते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के गुण लागतात. मात्र मंडळाकडून बोलावणे बहुतेक वेळा लेखापरीक्षण समितीच्या गरजेतून येते. त्या समितीतील प्रत्येकाला वित्तीय विवरणे वाचता आलीच पाहिजेत आणि किमान एकाकडे लेखाशास्त्राचे वा वित्तव्यवस्थापनाचे नैपुण्य असले पाहिजे, असा सेबीचा नियम आहे. सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घ्याल तेव्हा संचालकांचे फोटो असलेले पान उलटा आणि कंपनी सुशासनाच्या अहवालातला समित्यांचा तक्ता उघडा: कोण कोणत्या समितीवर आहे, किती बैठकांना हजर होती, अध्यक्ष कोण. मॉयल ही नागपुरात मुख्यालय असलेली सूचिबद्ध सरकारी कंपनी आहे, तिचा अहवाल संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो. तिथून सुरुवात करा.

शेवटी तुम्ही पाठवलेल्या तुमच्या परिचयाबद्दल. त्यात तुम्ही लिहिले आहे, 'लेखा विभागात कार्यरत, देणेकरी-घेणेकरी खाती सांभाळली, विविध जबाबदाऱ्या पार पाडल्या.' त्याच पत्रात, तिसऱ्या परिच्छेदात, सहज ओघात तुम्ही सांगता की वितरकांची उधारी सरासरी ७४ दिवस अडकत होती, तुम्ही दर सोमवारी यादी काढून विक्री विभागाकडे पाठवायला सुरुवात केली, दोन वितरकांचा माल थांबवण्याची शिफारस लेखी केली, आणि आता ती ५१ दिवसांवर आली आहे. हे वाक्य परिचयात का नाही? किती वितरक, किती रकमेची उधारी, कोणत्या महिन्यापासून, शिफारशीवर सही कोणाची, हे चार तपशील घालून पहिली ओळ नव्याने लिहा. त्या यादीवर आज विभागप्रमुखांची सही जात असेल, तर पुढच्या सोमवारपासून 'यादी तयार करणारी' म्हणून खाली तुमचे नाव टाकण्याची परवानगी त्यांच्याकडे मागा.